तुळस ओके, कढीपत्ता ओके, इनास ओके

आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांचं दोन गोष्टींवर कधी एकमत झालं नाही. गणपती कुणाकडे बसवायचा, आणि खालच्या मोकळ्या जागेत गाडी कुणी कुठे लावायची. जून संपत आला, शाळांना सुट्टी लागली, तिकिटं निघाली, की तिसरा प्रश्न यायचा : दोन महिने घराची किल्ली कुणाकडे ठेवायची? त्यावर मात्र कधी चर्चासुद्धा झाली नाही. इनासभाऊंकडे.

इनास तुस्कानो. मूळचे वसईचे. एका हॉटेलात स्टोअर्सचं काम बघायचे आणि आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या एका खोलीत एकटे राहायचे. आखातातल्या या शहरात, करामा भागातल्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही आलो तेव्हा ते तिथे होतेच. उंच, मानेत जरासे वाकलेले, चष्मा कायम कपाळावर. वाचायचं काही आलं की चष्मा तिथेच ठेवून मोबाइल हातभर लांब धरायचे. चष्मा खाली का घेत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तो लांबचं बघायचा आहे. मग लांबचं बघताना तरी लावा, म्हटलं. त्यावर खिडकीकडे हात करून म्हणाले, "लांबचं काय बघायचंय इथे? समोर दुसरी बिल्डिंग."

किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला असे. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर. दातारांची हिरवी, आमची पिवळी. नावं लिहीत नसत. जुडगा कुठे पडला तर चोराला घर शोधायला तरी लागू दे, असं त्यांचं म्हणणं. पण रंग त्यांचे पक्के होते. तेवढे पक्के मला माझे पासवर्डही लक्षात राहत नाहीत.

आम्ही सगळे आंबे संपायच्या आत गावी पोचायच्या घाईत निघून जायचो आणि मागे बाहेर उभं राहवणार नाही अशा उन्हाळ्यात हा एक माणूस बिल्डिंगभर किल्ल्या वाजवत फिरायचा. झाडांना पाणी घालायचं, हा मूळ करार. पण ते न सांगता आणखी बरंच करायचे. नळ थोडे सोडायचे, फ्लश ओढायचे, म्हणजे पाइप सुकून झुरळं वर येत नाहीत. खाली लावलेल्या गाड्या एकेक करून चालू करायचे, म्हणजे बॅटरी बसत नाही. गंमत अशी, की इनासभाऊंकडे लायसन्स नव्हतं. गाडी हलवायची नाही, नुसती चालू करायची. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार शफीक, सांगायचा, की अंकल दातारसाहेबांच्या गाडीत बसतात, एसी लावतात, रेडिओ लावतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहतात, आणि मग उतरून पुढच्या गाडीत जाऊन बसतात. आम्ही हसायचो. उभ्या गाड्यांतून ऑगस्टभर प्रवास करणारा माणूस, असं मी एकदा पार्टीत म्हटलं होतं आणि त्यावर चांगला हशाही मिळवला होता.

आणि तुळशीला पाणी घालताना ते चपला काढायचे. शफीकनेच हेही सांगितलं. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, याचं फार कौतुक. तिने विचारलं तर इनासभाऊ ओशाळले. "वहिनी, मला तिचं स्तोत्रबित्र काही म्हणता येत नाही. म्हणून निदान चपला."

दर गुरुवारी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो यायचे. गुरुवारीच का, तर पूर्वी शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ मोकळी असायची, तेव्हाची सवय. पुढे सरकारने सुट्ट्या बदलल्या, इनासभाऊंनी गुरुवार बदलला नाही. प्रत्येक घराच्या बाल्कनीचा एक फोटो, आणि शेवटी एकच ओळ, दर वेळी तीच : तुळस ओके. कढीपत्ता ओके. इनास ओके.

आम्ही पुण्यात, कुणी डोंबिवलीत, कुणी नाशकात, हात जोडलेली चित्रं पाठवायचो. तुळस किती छान दिसतेय. कढीपत्त्याला फूट आली हो. थँक यू भाऊ.

एका वर्षी ओळ वेगळी आली. तुळस गेली. कढीपत्ता ओके. इनास ओके नाही.

दातारांची तुळस गेली होती. ग्रुपवर हळहळ सुरू झाली. दातारवहिनींनी लिहिलं, की तुळस घरावरचं संकट स्वतःवर घेते आणि जाते, तेव्हा भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. कुणाच्या घरावरचं संकट, हे काही कुणी विचारलं नाही. सप्टेंबरात परत आल्यावर शफीककडून कळलं, की अंकल तापाने अंथरुणाला खिळले होते, लिफ्टपर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं, आणि तो खालून त्यांना कांजी आणून देत होता. इनासभाऊंना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, की लिहिलं होतं मी.

इतरांची एवढी झाडं सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एकच झाड होतं, आणि तेही झाड आहे हे सांगावं लागायचं. खिडकीत तारेने टांगलेला एक वेडावाकडा ओंडका. त्याला सुतळीने बांधलेले सुरकुतलेले गड्डे, वाळलेल्या आल्यासारखे. त्यांच्या डोक्यावर दोन-दोन ताठ पानं आणि चहूकडून लोंबणारी पांढरी मुळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांनी काहीतरी मासळी वाळत घातलीय. वसई म्हटल्यावर सुकटीपलीकडे माझी बुद्धी जाईना. मंजिरी माझ्यापेक्षा शहाणी, तिने ओळखलं, की हे बांडगूळ आहे.

"बांडगूळ झाडाचं रक्त पितं, वहिनी," इनासभाऊ म्हणाले. "हे नुसतं वर बसतं. झाडाचं काही खात नाही. भाडेकरू आहे, आपल्यासारखं."

ते ऑर्किड होतं, मेक्सिकोतलं. त्यांच्या हॉटेलात बेकरीत लुपे नावाची एक मेक्सिकन बाई होती, तिने येताना रीतसर परवाने काढून आणलेलं. लुपेचं आणि इनासभाऊंचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. ती कायमची परत निघाली तेव्हा झाड त्यांना देऊन गेली. हॉटेलातले बाकी सगळे तिच्याकडे केकची कृती मागायचे, फुलाबद्दल विचारणारे हे एकटेच, म्हणून.

लुपेने सांगितलेली हकिकत इनासभाऊ आल्यागेल्याला सांगायचे आणि दर वेळी ती सांगताना आवाज खाली आणायचे, जणू झाडाला ऐकू जाईल. तिच्या गावाकडे कोरडी दरी आहे. तिथे आपल्या वेड्या बाभळीची एक बहीण घराघराच्या अंगणात असते आणि तिच्या फांद्यांवर हे ऑर्किड बसतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याला गडद गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारी फुलं येतात, लांब दांड्यावर घोसाने. तेव्हाच तिकडे मेलेल्यांचा दिवस असतो. लोक ती फुलं कापतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे मांडतात. वसईलाही दोन नोव्हेंबरला कबरी धुऊन फुलांनी सजवतात, त्यामुळे इनासभाऊंना त्यात नवल वाटलं नव्हतं. नवल पुढेच होतं. रानात हे झाड आता कुठेच नाही. कसं गेलं, नेमकं कुणाला सांगता येत नाही. ओरबाडून विकलं असेल, रान तुटलं असेल. पृथ्वीवर ते उरलंय ते फक्त माणसांच्या अंगणात, कारण दर वर्षी प्रत्येक घराला कुणासाठी तरी फूल हवं होतं.

"मेलेल्या माणसांनी सांभाळलेलं झाड आहे हे," ते म्हणायचे.

ते बीही धरत नाही. अंगणातली सगळी झाडं म्हणे मूळ एकदोन झाडांचेच तुकडे, आणि स्वतःचे पराग त्याला स्वतःला चालत नाहीत. दुसरं, वेगळं झाड पाहिजे, आणि ते तर रानाबरोबर गेलं. हे सगळं ठाऊक असूनही इनासभाऊ दर वर्षी दात कोरायच्या काडीने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावून बघायचे. शेंग धरल्यासारखी व्हायची, फुगायची, आम्हाला बोलावून दाखवायचे, आणि मग ती पिवळी पडून गळायची. "मोडलं पुन्हा," म्हणायचे, एखाद्या घरचं लग्न मोडल्यासारखं, आणि चहा टाकायचे.

एक फुलाचा दांडा मात्र ते दर वर्षी कापायचे. फ्रीजवर फिलोमिनाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोटो होता. त्या गेल्या तेव्हा इनासभाऊ इथेच होते. पोचले, पण मातीलाच. त्यांची कबर वसईला, आणि नोव्हेंबर म्हणजे हॉटेलाचा ऐन हंगाम, रजा मिळण्याची बातच नाही. म्हणून फूल फ्रीजवर. मंजिरीला ते बघवत नसे. वर्षभर एसी जाळून वाढवायचं आणि आलेलं फूल कापून टाकायचं. एसी खरंच झाडासाठी असे. उन्हाळ्यात त्याच्या खिडकीपाशी गारवा राहावा म्हणून त्यांनी पलंग दाराकडे सरकवला होता. स्वतः वारा न लागणाऱ्या बाजूला झोपायचे. ते डोंगरातलं आहे, मी वसईचा, मला चालतं, म्हणायचे. कॅनडातला मुलगा दर रविवारी व्हिडिओवर यायचा आणि मागे टांगलेला ओंडका दिसला की म्हणायचा, "डॅड, इट्स जस्ट अ प्लांट." इनासभाऊ मोबाइलची दिशा बदलायचे.

मग साठी उलटून गेल्यावर हॉटेलाने दोनदा वाढवलेली नोकरी तिसऱ्यांदा वाढवली नाही. व्हिसा मार्चपर्यंत. त्यांनी ते आम्हाला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. खलास, म्हणाले, आणि हात झटकले. वसईला घर आहे, बहिणी आहेत, काळजी नाही. फक्त झाडाचं बघायचंय. नेलं तर परवाने पुन्हा काढावे लागतील, तेही काढले असते, पण तिथल्या चार महिन्यांच्या ओलीत ते कुजून मरेल. तेव्हा इथेच चांगलं स्थळ बघायला हवं.

स्थळ हा शब्द त्यांचाच. आणि त्यांनी ते शोधलंही तसंच. फुलं येऊन गेल्यावर हिवाळाभर हे झाड झोपतं. तेव्हा त्याला पाणी द्यायचं नाही, हीच त्याची सगळ्यांत अवघड सेवा. म्हणून त्यांनी ठरवलं, की डिसेंबरात एकेका घरी ते काही दिवस राहायला पाठवायचं. अट एकच : काही करू नका.

मराठी घराला यापेक्षा कठीण अट घालता येत नाही. पहिला मान दातारांचा. दातारवहिनी आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात उरलेलं याला. दारी आलेलं कोरडं ठेवायचं म्हणजे कसंसंच होतं, म्हणाल्या. वर हळदीकुंकू. दुसऱ्या मजल्यावरच्या साठ्यांनी पाणी अजिबात घातलं नाही, शब्द पाळला. फक्त तांदळाचं धुवण घातलं, कारण ते पाणी नव्हे, आणि चहाचा चोथा घातला, कारण त्याने गुलाब फुलतो. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने त्याचं नाव ठेवलं, मोबाइलवर गजर लावला आणि बारीक फवारा मारत राहिले, ते कोमेजल्यासारखं दिसतंय म्हणून.

इनासभाऊ प्रत्येक घरी जाऊन झाड उतरवायचे, गड्डे अंगठ्याने हलकेच दाबून बघायचे, डॉक्टर पोट बघतो तसे. कुणाला कधी बोल लावला नाही. तुमच्याकडचं पाणी चांगलं आहे, म्हणायचे, आणि ओंडका काखेत धरून निघायचे. वहिनी खूश. घरी आल्यावर त्यांनी काळा पडलेला एक गड्डा ब्लेडने कापून काढला आणि जखमेवर दालचिनीची पूड दाबली. मी तिथेच बसलो होतो. मला त्या वासाने मसालेभाताची आठवण आली, हे मी बोलून दाखवलं. ते ब्लेड पुसत राहिले, तेव्हा कळलं, की आज बोलायचं नव्हतं.

मग मीच एक स्थळ आणलं, आणि काय आणलं! जुमेरा लेक टॉवर्समध्ये माझं ऑफिस. आमच्या एका डायरेक्टरचं घर त्याच भागातल्या टॉवरमध्ये वर ढगात होतं आणि त्याला ऑर्किडचा शौक होता. खोलीभर काचेचं कपाट, आत पंखे, धुकं सोडणारं यंत्र, रात्रीचा गारवा वेगळा, दिवसाचा वेगळा. इनासभाऊंची खोली त्या कपाटात सहज मावली असती. माझं इन्क्रिमेंट होणार होतं त्याच महिन्यात, त्यामुळे या भेटीत माझा स्वार्थ अजिबात नव्हता असं म्हणता येणार नाही.

डायरेक्टर भला माणूस. झाडाचं नाव ऐकून त्याचे डोळे चमकले. हे तर मिळतच नाही, म्हणाला, आणि कॉफी मागवली. इनासभाऊ कपाटातलं एकेक झाड लांबूनच बघत होते. चष्मा चक्क नाकावर होता. त्यांना आवडलेलं दिसत होतं. मला वाटलं, जमलं. मग डायरेक्टरने खालच्या खणातून दुसऱ्याच एका ऑर्किडचा गड्डा काढून दाखवला, मुळं तुटलेली, बुडाशी सालीचे तुकडे चिकटलेले. मेक्सिकोतूनच आलाय, म्हणाला, मोज्यात गुंडाळून, कुणाच्या तरी बॅगेत. थेट रानातला. ओरिजिनल. कागदपत्रांच्या भानगडीत पडलं तर अशी गोष्ट आयुष्यात मिळत नाही.

इनासभाऊंनी कॉफीचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता.

"साहेब, रानात आता त्याच्या जागी काय आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

डायरेक्टर हसला. म्हणाला, जागी काय असणार, दुसरं उगवेल.

"नहीं उगता," इनासभाऊ म्हणाले. "आमच्याकडे आहे ते असंच ओरबाडून उरलेलं आहे."

ओंडका काखेत, आणि आम्ही लिफ्टमध्ये. एवढ्या मजल्यांचं उतरणं होतं, कान बंद झाले. माझ्या इन्क्रिमेंटचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मेट्रोत बसल्यावर एकदाच म्हणाले, की घर छान होतं.

त्या वर्षी आमच्याही घरात बदल झाला होता. रेवा, आमची मुलगी, पुण्याला कॉलेजात गेली. तिथलं मेसचं जेवण तिला मानवेना, म्हणून मागोमाग मंजिरी गेली. तू कधी येतेस, असं विचारलं की रेवाच फोन घेऊन म्हणायची, "बाबा, यू विल मॅनेज." मी मॅनेज करत होतो. खुबूस, म्हणजे इथली विकतची रोटी, आणि अंडी, अंडी आणि खुबूस. आणि माझ्या विसराळूपणाची घरात इतकी कीर्ती, की मी स्वतः घरात राहत असूनही आमची पिवळ्या लोकरीची किल्ली मंजिरीने इनासभाऊंकडेच ठेवली होती. मी ऑफिसात गेलो की ते येऊन तुळशीला पाणी घालून जात.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. किल्ली असून बेल वाजवली, म्हणजे काम गंभीर. आत आले. सिंकमधली भांडी बघितली. माझ्या ताब्यात दिलेली एकच कुंडी होती, पुदिन्याची. तिच्याकडे बघितलं. पुदिना जाऊन बरेच दिवस झाले असावेत.

"घरात बाईमाणूस नाही," ते म्हणाले. "तुम्हीही विसरता."

मी सफाई द्यायला लागलो. त्यांनी हात वर केला. "नाही, चांगलंय ना. हेच पाहिजे होतं."

आयुष्यात माझ्या आळशीपणाची एवढी कदर कुणी केली नव्हती. अप्रेझलमध्ये लिहून घ्यावं असं वाटलं.

पण ओंडका कुजायला लागला होता, दातारांचं, साठ्यांचं आणि वरच्या मजल्यावरचं पाणी त्यात मुरलेलं. नवा हवा होता, आणि त्यांना तो वेड्या बाभळीचाच हवा होता. उम्म अल कुवैनला इंडस्ट्रियल भागात त्यांच्या ओळखीच्या एका वसईकराचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं, त्याच्या मागच्या कुंपणाला एक मोठी वेडी बाभूळ होती. शनिवारी माझ्या गाडीने गेलो. वेड्या बाभळीचं झाड मूळ इथलं नव्हे, कुणीतरी कधीतरी आणलेलं, आता इथल्या झाडांचं पाणी पिऊन माजलंय म्हणून जिथे तिथे उपटतात. या झाडावरही उपटण्याची खूण झालेली होती. सुताराने फांदी कापून दिली आणि म्हणाला, आणखी लागल्या तर आत्ताच न्या, इन्शाल्ला पुढच्या वेळी झाड नसेल.

तिथल्या रेतीत त्याचे काटे पसरलेले. माझ्या गाडीचं चाक बसलं. चाक बदलायला मला येत नाही, हे मी आजवर कुटुंबापासून लपवून ठेवलंय. सुताराचा माणूस यल्ला यल्ला करत मला बाजूला सारून ते काम करत होता. तोवर इनासभाऊ बाभळीच्या विरळ सावलीत बसून झाड नव्या फांदीवर बांधत होते. त्यांनी सुतळी आणली नव्हती. फिलोमिनाबाईंची एक जुनी सुती ओढणी आणली होती, पट्ट्या फाडून. सुतळी मुळांना कापते, हे मऊ आहे, म्हणाले. बांधता बांधता त्यांनी मला सगळं सांगितलं. गड्डे सुरकुतले की पाणी. आणि तेव्हाही एक-दोन दिवस विसरा. उन्हाळ्यात एसी. फूल आलं की कापा.

मी म्हटलं, कापायचं कशाला? मी फोटो पाठवेन, झाडावरच राहू दे.

त्यांनी गाठ मारली, ती ओढून बघितली.

"झाडावर ठेवलं तर ते शोभेचं. शोभेचा कंटाळा येतो माणसाला. कापून कुणाला दिलं, की ते माणूस पुढच्या वर्षी वाट बघतं. मग जगवावंच लागतं."

मी विचारलं, मी कुणाला देऊ?

"असेल की कोणी."

आणि तुमच्या फिलोमिनाबाई? म्हणजे यंदापासून...

"तिला आता फूल कशाला?" ते उठले, पँटची रेती झटकली. "मीच चाललोय."

मार्चात निघायच्या दिवशी त्यांनी दारोदार जाऊन किल्ल्या परत केल्या. प्रत्येक दारात लोकर सोडायचे, किल्ली द्यायचे, लोकर खिशात. माझ्याकडे शेवटी आले. पिवळी लोकर सुटेना, इतक्या वर्षांची गाठ, दातांनी सोडवली. खाली टॅक्सी उभी होती. सगळी बिल्डिंग जमली होती. दातारवहिनींनी लाडू दिले, साठ्यांनी खजूर. इनासभाऊ टॅक्सीत बसले आणि दार लावायच्या आधी त्यांचा हात कमरेपाशी गेला, चाचपला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

पुढच्या जूनमध्ये सगळे गावी निघाले. मला रजा नव्हती. किल्ल्या माझ्याकडे आल्या, फार अविश्वासाने, प्रत्येकीबरोबर कागदावर लिहिलेल्या सूचना. मी नळ सोडले, फ्लश ओढले. गाड्या चालू केल्या. दातारांच्या गाडीत बसलो, एसी लावला. रेडिओवर कुणीतरी मल्याळीत बातम्या देत होतं. मला मल्याळी येत नाही, तरी बातम्या संपेपर्यंत बसून राहिलो. मग साठ्यांच्या गाडीत गेलो.

गुरुवारी फोटो पाठवायचो. तुळस ओके. कढीपत्ता ओके. पुढे काही लिहीत नव्हतो, ते त्यांचं होतं. हात जोडलेली चित्रं यायची.

ऑर्किडकडे मी अगदी मनापासून दुर्लक्ष केलं. सगळा उन्हाळा पलंग दाराकडे सरकवून झोपलो. ऑक्टोबरात गड्ड्यांमधून एक हिरवा दांडा निघाला, वाढतच गेला, आणि महिना संपता संपता त्यावर फुलं उघडली. एवढा गडद रंग माझ्या त्या घरात यापूर्वी कधी आला नव्हता. दोन नोव्हेंबरला ऑफिसातून आलो आणि कात्री घेतली. आधी ग्लासात पाणी भरून ठेवलं. मग दांडा कापला.

गेलेल्या आईचा फोटो माझ्याकडे कागदावरचा नव्हता, मोबाइलमध्येच होता. दांडा पाण्याच्या ग्लासात ठेवला आणि मोबाइल त्याला टेकवून उभा केला. स्क्रीन सारखी काळी व्हायची, बोट लावून उजेड आणावा लागायचा. असं बऱ्याचदा केलं. मग मोबाइल उचलून फुलाचा एक फोटो काढला, वसईला पाठवला, खाली लिहिलं : झाड ओके. फूल दिलं. आणि आईला पुन्हा ग्लासाला टेकवलं.

थोड्या वेळाने तिच्या कपाळावर मेसेज उमटला.

"छान. शेवटचं लिहायचं राहिलं."

मी मोबाइल हातात घेतला. ओके लिहिलं. पुसलं. पुन्हा काहीतरी लांबलचक लिहायला लागलो, मंजिरीबद्दल, खुबूसबद्दल, दातारांच्या गाडीबद्दल, तेही पुसलं. वर त्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. ते जात नव्हतं. कबरीवरून आले असतील, हाताला मेणबत्तीचं मेण असेल. चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब धरलेला, आणि माणूस वाट बघत उभा.